कॅलेंडरमधली शेतकरीण नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला दिनाच्या पुरवणीत आपण कापूस वेचणाऱ्या बाईचे चित्र छापलेत. चापूनचोपून नेसलेली नऊवारी, गालावर हसू, हातात फुलासारखे धरलेले बोंड. पाहून वाईट वाटले. माझ्या आईने 20 वर्षे लोकांच्या रानात कापूस वेचला. कमरेला ओटी, दिवसभर वाकून. वाळल्या बोंडांच्या टोकांनी तिची बोटे नखांपाशी फाटायची. रात्री ती कोमट खोबरेल लावून बसायची.

एलिझाबेथ कॅटलेट या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकर्ती 1946 मध्ये मेक्सिकोला गेल्या आणि तिथल्या छापशाळेत त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन बायकांवर 15 लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापलेली चित्रे) केले. त्यांची नावेच त्या बायकांच्या तोंडची आहेत : ‘मी नेहमीच कष्ट केले’, ‘दुसऱ्यांच्या घरांत’. पुढे 1952 चे ‘शेअरक्रॉपर’. म्हणजे आपली वाटेकरीण. जमीन मालकाची, राबणे हिचे, वर बी-बियाण्याची उधारी हिच्याच नावावर. चित्रात ना शेत, ना अवजार. रुंद काठाची गवती टोपी, तिची काडी न् काडी कोरलेली. पांढरे केस. आणि गळ्याशी कोट अडकवलेला सेफ्टी पिनेने. बटण नाहीच. त्या पिनेपाशी माझी नजर दर वेळी अडते. आईच्या मंगळसूत्रात कायम तीन-चार पिना असत. हूक तुटो, पायात काटा मोडो, त्यातलीच एक निघायची.

मी 31 वर्षे चित्रकला शिकवली. स्मरणचित्रात मुले शेतातली बाई काढत ती कॅलेंडरवरचीच. मी म्हणायचे, आधी घरी जा, आई कामाला निघते तेव्हा नीट बघून या. सातवीतल्या एका मुलीने साडीवर वडिलांचा जुना फुलशर्ट घातलेली आई काढली. बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या, डोक्याला टॉवेल बांधलेला. बाकी प्रमाणबद्धता पार चुकली होती, तरी ते चित्र मी वर्गात वर्षभर लावून ठेवले. (शर्ट का, हे आमच्या भागात कुणाला सांगावे लागत नाही : ऊन आणि ओरखडे.)

दसऱ्यानंतर वेचणी सुरू होते. आपल्या चित्रकारांना एक दिवस इकडे पाठवा. बायकांची टमटम सकाळी सातला निघते, त्यांना मी स्वतः घेऊन जाईन.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, अंबाजोगाई (जि. बीड)