दोन दिवसांच्या शिबिरातून पंच घडत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कोकणातल्या सागरी क्रीडा महोत्सवावरचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. लेखक म्हणतात, ऑस्ट्रेलियात सर्फ लाइफसेव्हिंगच्या, म्हणजे समुद्रातल्या जीवरक्षणाच्या कौशल्यांच्या, स्पर्धा स्वयंसेवकच चालवतात, मग आपणही गावातल्या पोरांना दोन दिवसांचं शिबिर देऊन प्रशिक्षक आणि पंच उभे करू. पहिलं अर्ध वाक्य खरं आहे. दुसरं धोक्याचं आहे.

मी ऑस्ट्रेलियातल्या वोलाँगाँगला राहते. माझी दोन्ही मुलं इथल्या लाइफसेव्हिंग क्लबात निपर्समध्ये, म्हणजे लहान मुलांच्या गटात, वाढली आणि मी स्वतः पंच म्हणून वाळूत उभी राहते. पगार नाही, पेट्रोलही आपलंच. पण पैसे घेत नाही म्हणून कुणी शिकण्यातून सुटत नाही. लहान मुलांचा गट हाती घ्यायचा तर आधी सरकारी पडताळणी, मग एज मॅनेजरचा, म्हणजे एका वयोगटाची जबाबदारी घेणाऱ्याचा, अभ्यासक्रम. पाण्यात मुलांबरोबर राहणाऱ्यांकडे ब्राँझ मेडॅलियनसारखी जीवरक्षकाची पात्रता हवी. १९१० पासून चालत आलेल्या या परीक्षेला बसायचं तर ४०० मीटर नऊ मिनिटांत पोहावं लागतं. शिवाय दर वर्षी पुन्हा कस लागतो. पंचाने नियम वाचून भागत नाही, अनुभवी पंचाच्या हाताखाली स्पर्धेत उभं राहून शिकावं लागतं. बीच फ्लॅग्जसारखा साधा वाटणारा प्रकार घ्या. मुलं पालथी झोपलेली, पाठीमागे वाळूत रबरी नळीचे तुकडे रोवलेले, शिट्टी झाली की उठून, वळून धावायचं. शिट्टीच्या क्षणभर आधी कोण हललं हे ओळखायला नजर बसावी लागते, आणि ती शिबिरात बसत नाही.

तरी हे निकालापुरतं झालं. समुद्रात पंचाचं खरं काम आज स्पर्धा घ्यायची की नाही हे ठरवण्याचं असतं. हे इथल्या लोकांनी फार मोठी किंमत मोजून शिकलंय. गोल्ड कोस्टच्या कुरावा किनाऱ्यावर राष्ट्रीय स्पर्धेत २०१० मध्ये १९ वर्षांचा स्पर्धक सॅक्सन बर्ड दगावला आणि २०१२ मध्ये, त्याच किनाऱ्यावर, १४ वर्षांचा मॅथ्यू बार्कले. शंभर वर्षांची परंपरा असलेल्या संघटनेच्या स्पर्धेत, इतकी प्रशिक्षित माणसं हजर असताना. म्हणून आज आमच्याकडे कुणाचाही मान न ठेवता शर्यत थांबवता येते, आणि लांबून दिसावीत म्हणून पाण्यातल्या मुलांच्या अंगावर भडक रंगाचे अंगरखे असतात. लेखात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

आणि आपल्याकडे काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मागे सुट्टीत गावी आले होते तेव्हा माझ्या भावाचा मुलगा जवळच्याच पुळणीवर सागरी जलतरण स्पर्धेत उतरला होता. वेळ सकाळची, भरतीची ठरली होती, ती योग्यच होती. पण पाहुणे आले नव्हते. नारळ फोडायला पाहुणे हवेत म्हणून मुलांना पोहण्याच्या कपड्यांत उन्हात बसवून ठेवलं. पाहुणे आले, सत्कार झाले, भाषणं झाली, तोवर ओहोटी चांगलीच लागली होती. शेजारी खाडीचं मुख आहे, तिथे ओहोटीला पाणी कसं बाहेर खेचतं हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. होडीवर बसलेले कोळी हात हलवून ‘नको नको’ म्हणत होते. पंचाच्या टोप्या घातलेल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि शिट्टी वाजवली.

मुलं सरळ जायची ती तिरपी जायला लागली. काहींना त्याच कोळ्यांनी होडीत ओढून घेतलं. मुलांच्या दंडावर नंबर लिहिले होते, पण पाण्यातून कोण बाहेर आलं याची नोंद कुणी ठेवत नव्हतं. बक्षीस समारंभ सुरू झाला तेव्हा भाचा कुठे आहे हे आयोजकांना माहीत नव्हतं, आणि तो आलेला नाही हेही माहीत नव्हतं! माझी वहिनी किनाऱ्यावर नाव घेऊन हाका मारत धावत होती. तो लांब पलीकडे बाहेर पडला आणि अनवाणी चालत परत आला. मी आयोजकांना जाब विचारला तर म्हणाले, ‘‘आला ना ताई परत? मग झालं तर.’’

म्हणून दोन दिवसांच्या शिबिराची कल्पना वाचून माझा संताप होतो. मुरूडच्या किनाऱ्यावर २०१६ मध्ये सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली ते आपण इतक्यात विसरलो का? महोत्सव जरूर करा. या खेळातूनच इथे किनाऱ्यावरचे जीवरक्षक तयार होतात, कोकणातही होतील. पण आधी वर्षभर माणसं शिकवा. पुण्यात राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी आहे, तिला विचारा. भरती-ओहोटी आणि वारा शिकवायला गावातल्या कोळ्यांना मानधन देऊन बोलवा. आणि स्पर्धा रद्द करण्याचा अधिकार कोणाला आहे ते नाव निमंत्रणपत्रिकेवर पाहुण्यांच्या नावाआधी छापा.

जाता जाता लेखासोबतच्या फोटोविषयी. तो सर्फिंगचा, म्हणजे बोर्डवर उभं राहून लाटांवरून घसरण्याचा, आहे. लाइफसेव्हिंगच्या शर्यतीत मुलं बोर्डवर गुडघे टेकून किंवा पालथी पडून हातांनी पाणी मारत जातात, कारण तो बोर्ड बुडणाऱ्याला वर घेऊन परत आणण्यासाठी आहे. आपल्या पुरवणीत चुकीचा फोटो येण्याची ही पहिली वेळ नाही. हवे असल्यास आमच्या क्लबचे फोटो मी पालकांची परवानगी घेऊन पाठवीन.

आपली,
एक वाचक, वोलाँगाँग (मूळ गाव तालुका गुहागर)