एमडीएनला हातभार लावायचाय ना, मग हे वाच

प्रिय संज्या,

परवा फोनवर म्हणालास की ओपन सोर्समध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या प्रोजेक्टमध्ये, काहीतरी करायचंय पण आपला कोड कुठे तेवढ्या लेव्हलचा, ते डोक्यातून जाईना म्हणून सविस्तर लिहितोय. अरे कोडच कशाला पाहिजे? सीएसएसचं, म्हणजे वेब पानाच्या दिसण्याचं, काही अडलं की तू जे एमडीएन, म्हणजे वेब बनवणाऱ्यांसाठीची माहितीची साइट, उघडतोस ना, ते 2005 पासून चालू आहे आणि 2020 च्या डिसेंबरपासून त्याचा सगळा मजकूर गिटहबवर, म्हणजे कोड आणि फाइली मिळून सांभाळायच्या साइटवर, आहे, साध्या खुणा घातलेल्या मजकुराच्या मार्कडाउन फाइली, कुणीही बदल सुचवू शकतं.

वाचताना जिथे अडशील, उदाहरण चालणार नाही, वाक्य दोनदा वाचून पण कळणार नाही, तिथूनच सुरू कर. नवीन माणसाला जे खटकतं ते जुन्यांना दिसतच नाही रे. पानाच्या तळाशी गिटहबची लिंक असते, चूक कळवायची पण असते. स्पेलिंग, तुटलेली लिंक असलं बारीक काम ब्राउझरमध्येच पेन्सिलवर क्लिक करून होतं, फोर्क, म्हणजे तुझी स्वतःची प्रत, गिटहबच करून देतं, मग पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती, टाकायची आणि हा बदल का केला ते दोन ओळींत लिहायचं. अख्ख्या पानाची मांडणीच बदलायची असेल तर मात्र आधी इश्यू, म्हणजे चर्चेसाठीची नोंद, उघडून विचार, नाहीतर मेहनत फुकट जायची.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पानाखालचं टेबल, कुठल्या ब्राउझरच्या कुठल्या व्हर्जनपासून काय चालतं ते. तो डेटा वेगळ्या रिपॉझिटरीत, म्हणजे फाइलींच्या साठ्यात, जेसन (डेटा मांडायचा एक साधा प्रकार) फाइलींमध्ये असतो आणि कुठल्या ब्राउझरमध्ये काय चालतं ते सांगणारी साइट कॅन आय यूजवाले पण तो वापरतात, म्हणजे एक आकडा चुकला तर किती जण फसतील बघ. तुझ्या दुकानात जुने फोन पडलेत, त्यांच्यावर एखादं फीचर चालवून बघ, टेबलाशी जुळलं नाही तर व्हर्जन नंबरसकट कळव. याला भारी इंग्रजी लागत नाही.

भाषांतराचं म्हणशील तर फ्रेंच, जपानी, कोरियन अशा मोजक्याच भाषा चालू आहेत, आपल्याकडची एकही नाही, मला खरंच वाईट वाटतं याचं. पण इंग्रजी पान बदललं की भाषांतर पण बदलावं लागतं, त्याला कायमची टीम पाहिजे, एकट्यादुकट्याचं काम नाही ते. पोरं जमली तर नक्की बोलू.

रिव्ह्यूत, म्हणजे तुझा बदल तपासताना, कुणी चार बदल सांगितले तर मनाला लावून घेऊ नकोस, सगळ्यांनाच सांगतात. रविवारी जेवण झाल्यावर कॉल कर, फ्लेक्सबॉक्सचं (सीएसएसमधली मांडणीची पद्धत) ते न झेपलेलं पान उघडून ठेव, पहिली पुल रिक्वेस्ट दोघं मिळून टाकू.

तुझा,
निल्या