टोपलीआडचा चेहरा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील शाकुहाचीवरील लेखात डोक्यावर विणलेली टोपली घालून ही जपानी बासरी वाजवणाऱ्या आजच्या वादकांना 'सोंगाडे' म्हटले आहे, ते पटले नाही. ती टोपली, म्हणजे 'तेंगाई', कोमुसो, म्हणजे शाकुहाची वाजवत फिरणाऱ्या भिक्षूंच्या साधनेचा भाग होती. चेहरा झाकला की 'मी' मागे पडतो, ही त्यामागची धारणा. त्यांच्या फुके या झेन बौद्ध पंथात शाकुहाची हे वाद्य नव्हे, धर्मसाधन मानले जाई. वेशाचा गैरवापरही झाला, हे खरे. १८७१ मध्ये जपानच्या मेइजी सरकारने पंथच बरखास्त केला. तरी क्योतोच्या म्योआन-जी मंदिराची परंपरा मानणारे काही साधक अजूनही हा वेश घालतात. त्यांत हौशे-नवशेही असतील, पण सरसकट सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. जाता जाता : लेखासोबतच्या चित्रात बासरी आडवी दिसते, शाकुहाची उभी धरतात.

– एक वाचक, पुणे