कसब्यातली घरे वयाने पडत नाहीत

महोदय,

अल्जीरियाची राजधानी अल्जीयर्स इथल्या कसब्यावरील, म्हणजे तिथल्या जुन्या शहरावरील, आपल्या लेखात तिथली घरे ‘वय झाल्यामुळे’ कोसळतात, असे म्हटले आहे. खरे कारण मुरणारे पाणी आणि चुकीची डागडुजी. (आपल्या पुण्याच्या कसबा पेठेतला ‘कसबा’ हाच अरबी शब्द.)

समुद्राकाठापासून 118 मीटर उंचीपर्यंत चढत गेलेली ही वस्ती. 1716 च्या भूकंपात शहराची धूळधाण झाली. त्यानंतरच्या घरांत विटांच्या थरांमध्ये आडवी लाकडे सापडतात. चौकातल्या खांबांच्या माथ्यावर, कमान सुरू होते तिथेही गोल लाकडे रचलेली असतात. जमीन हादरली की ती किंचित सरकतात, त्यामुळे कमान तडकत नाही. इतक्या विचाराने बांधलेल्या घरांना मोडकळीचे म्हणणे अन्यायाचे आहे.

छत म्हणजे आपले धाबेच: लाकडी कड्या (तुळया), फळ्या, मातीचा थर, वर चुन्याचा कोबा. पावसाचे पाणी खापरी नळातून चौकाखालच्या टाक्यात उतरते. कोब्याला भेग पडली किंवा नळ तुंबला की माती भिजून जड होते आणि कडीचे भिंतीत गेलेले टोक आधी कुजते. वरून काही दिसत नाही. टोच्या घातला की भुसा निघतो. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल बाहेर पडायची वाटच बंद होते. त्यात गच्चीवर हजार लिटरची टाकी ठेवली, तर एक टन वजन त्याच कुजक्या टोकांवर येते.

उतारावरची ही घरे एकमेकांच्या आधाराने उभी आहेत. एक पडले की शेजारची, कधी पाऊस न पाहिलेली भिंत उघडी पडते. 1830 नंतर फ्रेंचांनी खालचा कसबा पाडून मोठा चौक आणि रुंद रस्ते काढले, तेव्हाही असेच आधार सुटले.

म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी टाकी उतरवा, नळ मोकळा करा. मग सिमेंट खरवडून भिंत वाळू द्या. कुजलेले टोक कापून तिथे पक्के लाकूड जोडा. शेवटी चांगल्या मुरलेल्या चुन्याचा गिलावा पातळ थरांत, प्रत्येक थर ओला राखत करा.

1992 पासून कसबा जागतिक वारसा यादीत आहे, तरी अनेक घरे नुसत्या टेकूंवर उभी आहेत. टेकू हवाच, पण तो लावला त्याच दिवशी धाब्यावर ताडपत्रीही पडली पाहिजे.

— एक वास्तुसंवर्धक, पुणे