शाल-श्रीफळाला पैसे आहेत, पेटीच्या भात्याला नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या सांस्कृतिक संस्थांच्या अनुदानाबद्दल गेल्या पंधरवड्यात आपल्या अंकात दोन पत्रं आली. दोन्हींची मागणी एकच, रक्कम वाढवा. मी बडोद्यातल्या एका छोट्या मराठी नाट्य-संगीत मंडळाचा एकोणीस वर्षं कोषाध्यक्ष आहे. पैसे वाढले तर मला ते नको होतील असं नाही. पण आमची हिशेबाची वही वेगळंच सांगते, म्हणून हे पत्र.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा काळा घोडा चौकाजवळची आमची तळमजल्याची खोली कमरेपर्यंत भरली. तंबोऱ्यांची जोडी कपाटावर होती, ती वाचली. पेटी खाली राहिली. लाकूड फुगल्यामुळे झाकण बसेना, भात्याचे सांधे सुटले, पितळी सुरांत चिखल जाऊन बसला. तबल्याच्या पुड्या ओल्या पापडासारख्या झाल्या. दिवाणखान्याचा जुना रंगवलेला पडदा, ज्याच्यासमोर आमच्या मंडळातली निम्मी लग्नं जुळली, उलगडला तर नुसते डाग. व्हाउचरच्या फाइली सुकवायला आम्ही गच्चीवर दोऱ्या बांधल्या. खालून बघणाऱ्याला वाटलं असेल, या लोकांची पतंगांची उत्तरायण ऑगस्टातच आली.

त्याच वर्षी आम्हाला एका कार्यक्रमासाठी अनुदान मंजूर झालं होतं. मंजुरीतले रकाने असे: कलाकारांचं मानधन, प्रवास, सभागृहाचं भाडं, ध्वनी-प्रकाश, निमंत्रणपत्रिका, शाल-श्रीफळ, वाद्यांचं भाडं. दुरुस्तीचा रकाना नाही. पेटीचा भाता बदलून सूर लावून द्यायला कारागिरानं साडेसहा हजार सांगितले होते. ते या खर्चात बसत नाहीत, असं उत्तर आलं. मग आम्ही दोन दिवसांसाठी पेटी भाड्यानं आणली. टेम्पोची नेआण धरून सव्वाचार हजार लागले. पावती जोडली, सी.ए.ची सही घेतली, पैसे मंजूर कामालाच लागले असं सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र पाठवलं. हिशेब एका पैशानं चुकला नाही. आमची पेटी आजही मोडलेलीच आहे.

हे एका खात्याचं गाऱ्हाणं नाही, सगळीकडे बेत असाच असतो. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या योजनेतून एका कार्यक्रमाला किंवा नाट्यनिर्मितीला साधारण ५ लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, पण शेवटचा हप्ता हिशेब दिल्यानंतर. म्हणजे तोवर तेवढे पैसे कुणाच्या तरी खिशातून जायचे. आमच्याकडे तो खिसा बहुतेक वेळा एका निवृत्त बँकवाल्या सभासदाचा असतो. त्यांना काही झालं तर मंडळाचं काय, हा प्रश्न आम्ही बैठकीत काढत नाही, कारण ते बैठकीत समोरच बसलेले असतात.

त्याच मंत्रालयाचं रेपर्टरी अनुदान, म्हणजे गुरू-शिष्यांच्या कलापथकांना मिळणारं, मला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्यात गुरूला महिना १५,००० रुपये आणि शिष्यांना त्यांच्या वयानुसार रक्कम मिळते. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी पीठ-मीठ यावं लागतं, एवढं तरी तिथं मान्य आहे. इमारतीच्या अनुदानातही ४० टक्के खर्च संस्थेनं स्वतः उभारायचा असतो. हे तत्त्व मला मनापासून पटतं. फुकट मिळालेल्या खुर्च्या दुसऱ्या वर्षी मोडतात, हा अनुभव आहे.

आता कंपन्यांचं. आपल्या शहराभोवती कारखाने काही कमी नाहीत, आणि २०१३ च्या कंपनी कायद्यात सी.एस.आर.च्या, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून करायच्या समाजकार्याच्या, यादीत कला-संस्कृतीही आहे. आम्ही दोघं एका कंपनीत गेलो. म्हटलं, साहेब, कार्यक्रम नको, आमच्या ट्रस्टच्या कायम निधीत काही टाका, व्याजातून खोलीचं भाडं निघेल. साहेब भले होते, चहा पाजला आणि नियम दाखवला: २२ जानेवारी २०२१ पासून कायम निधीत दिलेली देणगी सी.एस.आर.चा खर्च म्हणून धरता येत नाही. पैसा ट्रस्टमध्ये पडून राहू नये, ही काळजी समजते. पण परिणाम असा की खर्च होऊन संपणारे लाख रुपये कायद्याला चालतात आणि तेच लाख मुदत ठेवीत टाकायचे म्हटले की तो हात आखडतो.

आणि हे बडोद्यात! १९१२ मध्ये इथं गुजराती साहित्य परिषद भरली, त्या निमित्तानं सयाजीराव महाराजांनी दोन लाख रुपये बाजूला काढले. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून पुस्तकं काढायची. श्री सयाजी साहित्यमाला त्यातून उभी राहिली. त्याआधी १८८६ मध्ये दरबारी गायक मौलाबक्षांच्या हाती दिलेली गायनशाळा आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. दरबारातले गवय्ये-वादक 'कलावंत कारखान्या'त नोकरीला असत, महिन्याचा पगार घेत. भातखंड्यांची १९१६ ची संगीत परिषद बडोद्यात झाली हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. त्या कारखान्याच्या पगारपत्रकाचं नाव कुणी घेत नाही. मला विचाराल तर गाणं टिकलं ते पगारपत्रकावर. (राजेशाहीची भलामण करत नाही. खजिन्याची किल्ली एकाच्या हाती असली की असे निर्णय सोपे जातात, हेही कळतं.)

महापालिकेनं आणि राज्याच्या संगीत नाटक अकादमीनं निदान एवढं करावं. एका कार्यक्रमाचे पैसे देण्याऐवजी निवडक संस्थांना चार-पाच वर्षांचं अनुदान द्यावं, दरवर्षी थोडं कमी होत जाणारं, म्हणजे पायावर उभं राहायची सवय लागेल. त्यातला ठरावीक हिस्सा भाडं, वाद्यांची दुरुस्ती, विमा आणि हिशेब लिहिणाऱ्या माणसाचा पगार यासाठी मोकळा ठेवावा. आणि संस्थेनं वर्गणीतून एक रुपया कायम निधीत टाकला तर सरकारनं त्यात एक रुपया घालावा, मुद्दल मोडायला चॅरिटी कमिशनरची परवानगी लागावी. पैसा पडून राहील अशी भीती असेल तर व्याजाचा हिशेब दरवर्षी मागावा. आम्ही देऊ.

आमच्या घरातही झाडू मारायला हवा, ते लपवून चालणार नाही. आमची वार्षिक वर्गणी मी कोषाध्यक्ष होण्याच्या आधीपासून १०१ रुपये आहे. तेवढ्यात आज दोघांची सेव-उसळ धड होत नाही. वर्गणी वाढवायचा विषय निघाला की कुणीतरी 'कला ही सेवा आहे' म्हणतं आणि चहा येतो. ओळखीच्या तीन मंडळांच्या तीन खोल्या आहेत, तिन्हींत तसाच लाकडी सोफा आणि तसाच खोटा टेलिफोन धूळ खात पडलेला. गणेशोत्सवात तिघांची नाटकं एकाच रात्री. सामान एकत्र ठेवू या म्हटलं तर पहिला प्रश्न येतो, कुलपाची किल्ली कुणाकडे? अशा संस्थांना कोण पाच वर्षांसाठी पैसे देईल, असं कुणी विचारलं तर मला खाली बघावं लागेल. म्हणून पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत मी वर्गणी ५०१ करण्याचा ठराव मांडतोय, वरचे ४०० थेट मुदत ठेवीत. पडला तर पडला.

दरम्यान एक विनंती. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याच्या बाजूला कुणाकडे वरच्या मजल्यावर कोरडी खोली रिकामी असेल, तर आपल्या कचेरीच्या पत्त्यावर कळवावं. तिन्ही मंडळांचं सामान एकत्र ठेवायला बाकी दोघं तोंडी तयार झाले आहेत. भाडं वेळेवर देऊ. जिना रुंद असावा, सोफा वर न्यायचा आहे.

आपला,
एका मंडळाचा कोषाध्यक्ष
बडोदे