खाऱ्या पाण्यातील ऑक्सिजन-१८ च्या चुकीच्या मापनाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतील लेझर समस्थानिक विश्लेषक खाऱ्या नमुन्यांवर चुकीची मूल्ये देत असल्याबाबत.

महोदय,

शिरोड्याच्या मिठागरांत समुद्राचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात आटत जाते. त्या प्रत्येक टप्प्यावर पाण्यातील ऑक्सिजन-१८ या ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचे प्रमाण किती बदलते हे मोजण्यासाठीच आमच्या प्रयोगशाळेने आपला विश्लेषक खरेदी केला. माहितीपत्रकात तो 'समुद्राच्या व अतिखाऱ्या पाण्यासाठी योग्य' असल्याचे छापले आहे. खरेदीपूर्वी आम्ही नमुन्यांची क्षारता लेखी कळवली होती आणि आपल्या प्रतिनिधींनी तिला लेखी होकार दिला होता.

पहिल्याच महिन्यात आकड्यांविषयी शंका आल्याने आम्ही एक साधी चाचणी घेतली. ऊर्ध्वपातित पाण्याचे दोन भाग केले आणि त्यांपैकी एकात, दर १०० मिलिलिटरला २५ ग्रॅम या प्रमाणात, भट्टीत पूर्ण कोरडे केलेले शुद्ध सोडियम क्लोराइड विरघळवले. या मिठात ऑक्सिजन नसल्यामुळे दोन्ही बाटल्यांतील पाण्याचे मूल्य एकच यायला हवे. पहिल्या दोन खाऱ्या कुप्यांपर्यंत ते तसे आले. नंतर रीडिंग सरकू लागले आणि दहाव्या कुपीला फरक ०.७ पर मिलवर (पर मिल म्हणजे हजारात एक भाग) गेला. त्यानंतर लावलेले गोडे पाणीसुद्धा चुकीचे मोजले गेले. प्रत्येक कुपीची शेवटची तीन रीडिंग मात्र एकमेकांशी उत्तम जुळत होती, म्हणून यंत्राने त्या सर्वांना हिरवी खूण दिली. रीडिंग एकमेकांशी जुळणे आणि रीडिंग बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्यासारख्या उत्पादकाला सांगावे लागते याचे मला मनापासून वाईट वाटते.

नमुन्याची वाफ करणारा बाष्पक उघडला तेव्हा कारण डोळ्यांनी दिसले. सेप्टमच्या (सुई ज्यातून आत जाते त्या पडद्याच्या) खाली पांढरी कडक खपली धरली होती, जाळीची छिद्रे बुजली होती आणि सिरिंजचा दट्ट्या मिठाने जाम झाला होता. एका वेळी २ मायक्रोलिटर पाणी आत जाते, म्हणजे अशा द्रावणाच्या प्रत्येक इंजेक्शनमागे जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम मीठ मागे राहते. दर कुपीला सहा इंजेक्शने धरली तर दहा कुप्यांत ते २५ ते ३० मिलिग्रॅम होते. मीठ उचलल्यावर वाफ्यात उरणाऱ्या कडवट पाण्याची स्थिती याहून बिकट आहे, कारण त्यातील मॅग्नेशियम क्लोराइड ११० अंश सेल्सिअसलाही आपल्या स्फटिकांतले पाणी पूर्णपणे सोडत नाही आणि ते अडकलेले पाणी पुढच्या नमुन्यात मिसळते.

दुसरा दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. क्षारता भरली की 'क्षार दुरुस्ती' आपोआप लागू होते. मॅग्नेशियमसाठी ती दर मोलल मात्रेमागे (एक किलो पाण्यात एक मोल) १.११ पर मिल मिळवते. हा गुणक कार्बन डायऑक्साइड समतोल पद्धतीसाठी आहे. त्या पद्धतीत पाण्याशी समतोल साधलेला वायू मोजतात, म्हणजे पाण्याची सक्रियता (आयनांनी न धरलेल्या मोकळ्या पाण्याचे मूल्य) मोजली जाते आणि मॅग्नेशियमचे आयन जड ऑक्सिजन असलेले पाणी आपल्याभोवती धरून ठेवतात, म्हणून तेथे दुरुस्ती लागते. लेझर पद्धतीत सगळ्या पाण्याची वाफ होणे अपेक्षित असते, त्यामुळे तेथे हीच दुरुस्ती मिळवणे म्हणजे नवी चूक घालणे होय. मूळ रीडिंग अहवालात छापलेच जात नसल्याने वापरणाऱ्याला ही चूक कळतही नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधातील एक पूर्ण तक्ता आम्हाला याच कारणाने रद्द करावा लागला.

आपल्या अभियंत्यांनी नमुने आधी ऊर्ध्वपातित करून घेण्याचा सल्ला दिला. ऊर्ध्वपातन अपुरे राहिले तर मूल्य तेथेच बदलते, आणि ते टाळण्यासाठीच तर हे यंत्र घेतले होते. त्यानंतर 'खारे नमुने वापरल्यामुळे' वॉरंटी लागू नसल्याचे पत्र आले, ते माहितीपत्रकातील आपल्याच विधानाच्या विरुद्ध आहे.

तरी बाष्पक व सिरिंज विनामूल्य बदलून द्यावीत, क्षार दुरुस्ती बंद करता येईल आणि मूळ रीडिंग अहवालात दिसेल अशी सुधारणा करावी, तसेच किती क्षारतेपर्यंत व किती इंजेक्शनांपर्यंत यंत्राची हमी आहे हे चाचणीच्या आकड्यांसह लेखी कळवावे. हे तीस दिवसांत न झाल्यास आम्हाला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

चाचणीची सर्व रीडिंग व बाष्पकाची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. बाष्पक आम्ही धुतलेला नाही. आपल्या अभियंत्यांना पाहता यावा म्हणून तो खपलीसकट सीलबंद ठेवला आहे.

आपली विश्वासू,
प्रमुख, भूरसायन प्रयोगशाळा