उपवास आणि मावशींचा पगार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढी एकादशीनिमित्त आपल्या पुरवणीत उपवासाच्या पदार्थांना भरपूर जागा मिळाली. ती वाचून माझ्या घरी त्याच दिवशी घडलेली एक गोष्ट मनात सलत राहिली, म्हणून हे पत्र.

मी मूळची अलिबागची. लग्नानंतर गेली तीस वर्षे इंदूरला राहते. माहेरी आमच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू कुटुंब होते. त्यांचे पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून गावोगावी त्यांना 'शनवार तेली' म्हटले जाई. या समाजातील सणांची जुनी नावे आपल्या घरातली वाटावीत अशी आहेत. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्या शोकाचा उपवास वालाच्या बिरड्याने सोडायचा, म्हणून तो 'बिरड्याचा रोजा'. योम किप्पूर हा वर्षातील सर्वांत कडक उपवासाचा दिवस दारे लावून प्रार्थनेत घालवायचा, म्हणून तो 'दारफळणीचा सण', आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म करून गाठीभेटी घ्यायच्या, तो 'शिळा सण'.

दारफळणीच्या उपवासात सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, सुमारे पंचवीस तास, पाण्याचा थेंबही घेत नाहीत. (आपल्या 'एकादशी आणि दुप्पट खाशी' या म्हणीला तिथे जागाच नाही, सराफ्याच्या खाऊबाजारात साबुदाणा खिचडीसमोर रात्री अकराला उभ्या राहणाऱ्या आम्हा इंदूरकरांनी तर याविषयी न बोललेलेच बरे.) परंतु मला महत्त्वाचे वाटते ते त्या दिवशी सकाळी होणारे वाचन. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपवास करतो, तरी तू आमच्याकडे पाहत का नाहीस? त्यावर उत्तर मिळते की उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच फायदा पाहता आणि आपल्या कामकऱ्यांना राबवून घेता. मला हवा तो उपवास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे. हे खडे बोल उपवासाची थोरवी गाण्याच्या वेळीच, उपाशी बसलेल्या भक्तांना ऐकवले जातात, हे मला फार धाडसाचे वाटते.

तोराचे, म्हणजे ज्यूंच्या मूळ पाच धर्मग्रंथांचे, वाचन वर्षभर दर शनिवारी क्रमाने चालते. ज्यूंच्या नव्या वर्षाच्या आधीच्या एलुल महिन्यात त्यांपैकी 'अनुवाद' नावाच्या पाचव्या ग्रंथातील जो भाग येतो, त्यात मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, अशी आज्ञा आहे. शनिवारच्या विश्रांतीची आज्ञाही घरच्या मालकापाशी थांबत नाही. दास, दासी, बैल, गाढव यांनाही त्या दिवशी सुट्टी. आपण पोळ्याला बैलाच्या खांद्यावरचे जू उतरवतो, पण घरकाम करणाऱ्या बाईला मात्र सणाच्या दिवशी दोन तास आधी बोलावतो.

आता माझी गोष्ट. आषाढीला सकाळी मी पंढरीनाथाच्या देवळात निघाले होते. आमच्या मावशी साबुदाण्याची करपलेली कढई घासत होत्या. बुडाला चिकटलेला थर निघेना, म्हणून त्यांनी तो चमच्याने खरवडायला घेतला होता. मान वर न करता त्यांनी गेल्या महिन्याच्या पगाराचे विचारले. ते त्यांचे दुसऱ्यांदा विचारणे होते. "आज एकादशी आहे, मावशी, उद्या पाहू," असे म्हणून मी चपला घातल्या. त्यांचाही उपवास होता आणि पोटात केवळ चहा होता, हे मला दुपारी कळले. त्यांच्यासाठी खिचडी ठेवायची मला आठवणही झाली नव्हती.

माणसाने माणसाचा केलेला अपराध, ज्याचा केला त्याची समजूत काढल्याखेरीज योम किप्पूरनेही धुतला जात नाही, असे मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मनियमसंग्रहात स्पष्ट सांगितले आहे. मी द्वादशीला मावशींच्या हातावर पैसे ठेवले आणि चुकले म्हणाले. त्यांनी पैसे मोजून कनवटीला लावले, आणि कढईला पुढच्या वेळी तेल जरा जास्त घाला, एवढेच सांगितले.

आपली,
एक वाचक, इंदूर